शिरूरच्या देवळात ‘मो इप्पाई’

शिरूर, रविवार, ६ फेब्रुवारी १९६६

आज गायनमंडळात पाच जण उभे होते. त्यांतल्या दोघी खोकत होत्या, एक पेंगत होती, चौथी माझ्या शाळेतली कृपा आणि पाचवे आमचे आप्पा. कृपाचा आवाज गोड आहे, पण ती तो सिनेमातल्यासारखा वळवते, आणि मी पायपेटीवरून डोळे वटारले की आणखी वळवते. बाकीची तरुण मंडळी दौंडला रेल्वेच्या क्लबात बँड ऐकायला गेली होती. उपासना चुकवून! दुसऱ्या गीताच्या मध्येच पेटीचा भाता फुस्स करून बसला. राहिलेलं गीत आप्पांनी एकट्यानं, स्वतःच्या चालीत संपवलं.

नंतर दानिएलरावांनी मला ओसरीवर गाठलं. ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे पंच, शिवाय दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. त्यामुळे साधं ‘कसं काय’ विचारलं तरी ते भाषणासारखं वाटतं.

“दबोराबाई, यंदा ईस्टरला दौंडची मंडळी आपल्याकडं येणार. त्यांच्यापुढं हे असलं गाणं? त्यापेक्षा पाळकसाहेबांना सांगून गायन दौंडकरांकडंच देऊन टाकू.”

मी “बघते” म्हटलं आणि घरी येऊन भांडी आपटली. आई गेल्यापासून ती पेटी माझी आहे. शाळेत मी मुलींची बाई, घरी आप्पांची लेक. पेटीवर बसते तेवढा वेळ मी कुणाचीच कुणी नसते. ते दौंडकरांना कसं देऊ?

शनिवार, १२ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मुलींना न्हावऱ्याला नेलं. तिथले मोठे बागायतदार हौसराव यांच्या शेतात जपानी नांगरणीयंत्र आलं आहे. दोन चाकं, दोन दांड्या, आणि मागून चालत जायचं. सगळा गाव त्याला ‘जपानी बैल’ म्हणतो. यंत्राबरोबर जपानहून एक साहेब आलेत, तानाबे म्हणून. पन्नाशीचे, बुटके, फार हसरे. हौसरावांनी त्यांचा ‘तानबा’ केला आहे आणि साहेब त्याला ‘ओ’ देतात.

दुभाष्याचं काम दौंडच्या मालधक्क्यावरचे एक बाबू करतात. प्रभुदास साळवे. यंत्र मालगाडीच्या वाघिणीतून उतरलं तेव्हा साहेबांचं इंग्रजी एकट्या यांनाच कळलं, तेव्हापासून सुट्टी घेऊन बरोबर फिरतात. दौंडच्या मंडळीतले आहेत. म्हणजे शत्रुपक्ष.

यंत्र दोन सऱ्या ओढून बंद पडलं. हौसराव ओरडले, “आवं तानबा, तुमचा बैल बसला की! ह्याला काय पेंड चारायची का काय?”

इंजिन गार होईस्तोवर तानाबेंनी पिशवीतून एक लाल डबा काढला. मला वाटलं जेवणाचा असेल. निघाला ग्रामोफोन, बॅटरीवर चालणारा! त्यावर पुरीएवढी तबकडी ठेवली आणि उसाच्या कडेला एक पुरुष जपानी भाषेत गायला लागला. चाल अशी, की पायाखालचं ढेकूळसुद्धा डोलेल. उदास आहे म्हणावी तर हसू येत होतं, आणि हसावं तर आई आठवत होती. दर कडव्याच्या शेवटी एकच पद यायचं, ‘मोऽ इप्पाऽई’. दुसऱ्या वेळेपासून माझ्या सगळ्या मुली त्यात सामील झाल्या.

मी साळव्यांना अर्थ विचारला. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी हाताचा पेला केला, हसले, बरंच काही बोलले, पण त्या उच्चारांपुढे माझं शाळेतलं इंग्रजी थिटं पडलं. साळव्यांचे कान लाल झाले. उन्हानं असतील.

“भरून दे. पुन्हा एकदा भरून दे, असं म्हणतोय,” ते म्हणाले.

“काय भरून दे?”

त्यांनी उसाकडे बघत थोडा विचार केला. “पात्र.”

पात्र! बायबलच्या स्तोत्रातलं भरून वाहणारं पात्र! जपानातही ते पोचलं आहे तर. येताना एस.टी.त मला एकदम सुचलं आणि मी खिडकीच्या गजाला धरून बसले. ही चाल ईस्टरला घ्यायची.

शनिवार, १९ फेब्रुवारी

साळव्यांकडे चाल लिहून मागितली होती. ते स्वतःच आले, तानाबेंना आणि लाल डब्याला घेऊन. माणूस संगीताचा दर्दी दिसतो. पेटीचा भाताही त्यांनी बसून दुरुस्त केला. आप्पा खुश. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि साळव्यांना त्यांच्या आजोळापर्यंत सगळं विचारून घेतलं. आप्पांना हल्ली लोकांची फार चौकशी लागते.

मग तानाबेंनी एकामागून एक तबकड्या लावल्या. आपल्याला वाटतं, जपानी गाणं म्हणजे एकच काहीतरी असेल. तसं नाही. लढाईच्या दिवसांत तिकडे शत्रूच्या देशांचं संगीत वाजवायलाच बंदी होती. तानाबे तेव्हा तरुण. त्यांनी आपल्या आवडत्या तबकड्या तांदळाच्या पिंपात पुरून ठेवल्या होत्या. पुढे लढाई हरले, अमेरिकन शिपाई आले, आणि ज्या वाद्यांना बंदी होती तीच गल्लोगल्ली वाजू लागली. मग खेड्यांतली पंधरा-पंधरा वर्षांची पोरं आगगाड्या भरभरून टोकियोच्या कारखान्यांत गेली आणि गाणी सगळी गावाची, आईची, मागं राहिलेल्या स्टेशनाची झाली. ‘मो इप्पाई’वाला त्यांच्यातलाच. त्यानंतर मुली म्हणे नाचऱ्या गवयांवर कागदाच्या फिती फेकायला लागल्या, भर सभागृहात, ओरडत! आणि आता विजेवरची गिटार आली आहे. कित्येक शाळांनी तिच्यावर बंदी घातली आहे, कारण ती वाजवली की पोरं बिघडतात.

कृपा डोळे विस्फारून म्हणाली, “बाई, आपण जपानात का नाही जन्मलो?”

साळव्यांनी ते सांगताच तानाबेंनी तबकडी थांबवली. मग साळव्यांमार्फत सांगितलं, की त्यांची मुलगी नोरिको अशीच गिटार वाजवते. पालकांच्या सभेत बंदीच्या बाजूनं त्यांनीच हात वर केला होता. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. “ताटात भात वाढते, पण बोलत नाही,” असं म्हणाले. तांदळात तबकड्या लपवणारा माणूस आणि त्यानंच हात वर केला! मी मनात म्हटलं, बाप झाला की माणसाचं काय होतं कुणास ठाऊक.

शुक्रवार, ४ मार्च

गीत लिहून झालं. ‘पहाट झाली, दगड हलला, बायांनो, पाहा कबर रिकामी’. चालीत असं बसलं आहे, की जणू त्या जपान्यानं माझ्यासाठीच जागा सोडली होती. शेवटचं पद मात्र काही केल्या मराठीत बसेना. ‘प्रभू आला गं’ घातलं, मुलींनी तोंडं वाकडी केली. शेवटी ‘मो इप्पाई’ तसंच ठेवलं. ‘हालेलूया’ तरी कुठं मराठी आहे?

पेटीचा भाता पुन्हा गेला, मागच्या शुक्रवारसारखाच.

शनिवार, ५ मार्च

साळव्यांनी भाता दुरुस्त केला. आतली एक खिळी आपोआप सैल होते म्हणतात. न्हावऱ्याला त्यांची एस.टी. फार वेळ अडकली, म्हणून उशीर झाला तर धावत आले. निळा शर्ट होता. त्यांना निळा शोभतो, हे आपलं निरीक्षण म्हणून लिहिते.

आप्पा म्हणाले, “शनवारी भाता बरा हुतो, आन् पुढच्या शुक्करवारी बरुबर फुटतो. लई वक्तशीर दुखणं हाय.”

जुन्या यंत्रांचं असंच असतं.

रविवार, १३ मार्च

गायनमंडळात आज एकवीस! कृपानं गावभर बोभाटा केला की बाईंनी जपानी गाणं बसवलंय. दौंडच्या क्लबात जाणारी सगळी पोरं-पोरी परत आली, आणि ज्यांचा उपासनेशी संबंध नामकरणानंतर तुटला होता तीही. पहिल्यांदाच म्हटलं तर छप्परावरची कबुतरं उडाली.

आता नवा तंटा. साळव्यांकडे गिटार आहे. विजेची नाही, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, हवाईयन म्हणतात ती. दौंडच्या रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला, त्याच्याकडून घेतलेली. ते म्हणाले, ईस्टरला पेटीबरोबर वाजवतो. कृपा म्हणाली, मग टाळ्याही वाजवू. आणि डोक्यावरचे पदर टाळ्या वाजवताना पडतील, तर पडू देत.

दानिएलराव म्हणाले, “देवळात गिटार? उद्या फिती फेकाल!”

ही फितींची बातमी त्यांना कुणी दिली? कृपानंच.

मलाही गिटार पटत नाही, खरं सांगायचं तर. पण साळव्यांनी ओसरीत बसून ती जरा वाजवून दाखवली. बाजारातून घरी निघालेल्या बायका पाट्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. मी दानिएलरावांना म्हटलं, “वडील, बायबलात दाविदानं तारेचंच वाद्य वाजवलं होतं ना?” मी सबंध दिवस स्वतःवर खुश आहे.

गुरुवार, २४ मार्च

आश्चर्य! दानिएलरावांना चाल चढली. तळेगाव ढमढेऱ्याला बाजारच्या दिवशी दारूबंदीची सभा होती. भाषणाला माणूस थांबेना, म्हणून त्यांनी आमचं गीत सुरू केलं. पहिल्या ओळीच्या पुढचं पाठ नव्हतं, म्हणून नुसतं ‘मो इप्पाई, मो इप्पाई’ करत टेबलावर उभे राहिले. सगळा बाजार गोळा झाला. मेथीच्या जुड्या हलवत लोक गात होते म्हणे. गुत्त्यात जाणारे दोघे-तिघे त्यांच्याबरोबर गळ्यात गळा घालून गायले आणि दानिएलरावांनी ते पश्चात्ताप पावले असं जाहीर केलं.

गिटारीला मग त्यांनी परवानगी दिली. टाळ्यांना नाही.

मी हे साळव्यांना सांगितलं तर त्यांना जोराचा ठसका लागला. पाणी दिलं तरी थांबेना.

रविवार, १० एप्रिल, ईस्टर

क्रमानं लिहिते.

देऊळ खचाखच होतं. दौंडकर डाव्या बाजूला, चेहऱ्यावर ‘बघू या’ असा भाव. तानाबे पहिल्या बाकावर, कोट घालून. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्याशेजारी हौसराव, तानबाला एकटं वाटू नये म्हणून. फेटा काढायचा की ठेवायचा हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून हातात धरून बसले.

गीत सुरू झालं. पेटीनं आज एकदाही दगा दिला नाही. गिटारीचा पहिला सूर लांबला तशी दौंडकरांच्या माना वळल्या. पहिलं कडवं संपलं आणि सबंध मंडळी, पाळकसाहेबांसकट, एका आवाजात म्हणाली, “मोऽ इप्पाऽई!” सगळ्यांत वर दानिएलराव.

तानाबे ताडकन सरळ झाले. आधी साळव्यांकडे बघितलं. साळवे गिटारीत डोकं घालून बसले होते. मग साहेबांचे खांदे हलू लागले. ते हसत होते, की डोळे पुसत होते, की दोन्ही? दुसऱ्या कडव्याला कृपानं टाळी वाजवली. एक, मग सगळ्यांनी. पदर पडले. आणि शेवटच्या ‘मो इप्पाई’ला तानाबे उभे राहिले आणि हाताचा पेला उंच धरून आमच्याबरोबर गायले. हौसरावांनीही बघून हात वर केला.

मला वाटलं, प्रभूनं जपानी हृदयाला स्पर्श केला. बाहेर आल्यावर दौंडच्या एका तरुणानं साहेबांना इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि पायऱ्यांवरूनच बोंबलला, “अरं, हे तर दारूच्या दुकानातलं गाणं हाय! ‘आणखी एक पेला’ म्हणत्यात!”

जेवणाच्या पंगतीत ही बातमी माझ्या आधी पोचली. उद्या कमिटी बसणार.

सोमवार, ११ एप्रिल

कमिटीपुढे तानाबेंना बोलावलं होतं. साळवे दुभाषे. आप्पा जुने सभासद म्हणून कोपऱ्यात.

पाळकसाहेबांनी गाण्याचा अर्थ विचारला. तानाबे खरं बोलणारे. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, लहान दुकान, माणूस बसतो, पितो, दुःखी आहे, अजून मागतो, फार सुंदर गाणं.

साळवे उठले. चेहरा देवदूताचा. “साहेब म्हणतात, एक नम्र जागा. एक दुःखी जीव. तो आपलं पात्र पुढं करतो...”

“साळवे, पुरे,” मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. “मला इंग्रजी येतं, साहेबांचंसुद्धा आता कळतं. हे दारूच्या दुकानातलं गाणं आहे. मला माहीत नव्हतं, पण नीट विचारलंही नाही मी, कारण मला ते हवंच होतं. गायन काढून घ्यायचं तर घ्या. पण काल या देवळात जी पोरं आली, ती याच चालीवर आली. त्यांना परत दौंडच्या क्लबात धाडू नका.”

दानिएलरावांनी घसा साफ केला. आता भाषण येणार, इतक्यात कोपऱ्यातून आप्पांचा आवाज आला.

“मला एवढंच इचारायचं हाय. दानिएलराव, तळेगावच्या बाजारात दारूबंदीच्या टेबलावर उभं ऱ्हाऊन तुमी लोकांला काय सांगत हुता? ‘आनखी एक भर’?”

पाळकसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. दानिएलराव आधी पांढरे पडले, मग जांभळे. छताकडे बघत म्हणाले, “गाण्याचा अर्थ गाणाऱ्याच्या मनात असतो. माझ्या मनात पात्रच होतं. आणि हा विषय या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. तळेगावकरांनी पुढच्या सभेला तेच गाणं मागितलंय.”

ठराव झाला, की साळवे यांचं भाषांतर योग्य आहे. गायन माझ्याकडेच. टाळ्यांबद्दल कुणाला आठवण राहिली नाही.

मी साळव्यांशी मात्र बोलले नाही. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं! ते ओसरीपर्यंत मागं आले. मी दार लावून घेतलं.

गुरुवार, १४ एप्रिल

तानाबे आज गेले. मुलींनी हट्ट धरला म्हणून सगळ्या दौंड स्टेशनवर गेलो. ते कृपाला म्हणाले (मी स्वतः ऐकलं, दुभाष्याशिवाय), की घरी पोचल्यावर आधी नोरिकोसाठी गिटारीचा आवाज वाढवणारा मोठा कर्णा विकत घेणार, आणि तिनं वाजवलं की समोर बसणार. बोलली तर बोलली. कृपा फलाटावरच रडली.

हौसराव म्हणाले, “तानबा, बैल बसला तर मी काय करू वो?” साहेबांनी त्यांच्या हातात एक पाना दिला आणि दोघांनी एकमेकांना कितीतरी वेळ वाकून नमस्कार केले.

साळवे फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. मी तिकडे बघितलं नाही. निळा शर्ट होता.

रविवार, १७ एप्रिल

आज उपासनेला साळवे आले, मागच्या बाकावर बसले. संध्याकाळी घोडनदीच्या पुलावर मला गाठलं. म्हणाले, रागवा, पण बोला.

मी म्हटलं, “त्या गाण्याचा खरा अर्थ सांगा. शब्दाला शब्द. पात्र-बित्र नको.”

ते कठड्याला टेकले. नदीला पाणी नव्हतंच, तरी खाली बघत सांगायला लागले.

“पहिल्या कडव्यात एक माणूस आहे. परगावचा. काम सुटलं की एका लहान दुकानात जाऊन बसतो. तिथली बाई पेला भरून देते.”

“पुढे?”

“दुसऱ्या कडव्यात त्याला तिच्याशी बोलायचं असतं. जमत नाही. म्हणून तो नुसतं ‘आणखी एक’ म्हणतो. दर वेळी तेवढंच. तिला वाटतं, याला तहान लागली आहे.”

“मठ्ठच आहे बाई,” मी म्हटलं.

“नाही हो. फार हुशार आहे. फक्त तिचं सगळं लक्ष चालीकडं असतं.” त्यांनी कठड्यावरचा एक खडा खाली टाकला. “तिसऱ्या कडव्यात तो शनिवारची वाट बघतो. सकाळीच निघतो. गाडी न्हावऱ्याला उभी राहते, ड्रायव्हर चहा प्यायला उतरतो, आणि याचा जीव टांगणीला लागतो, की ती शाळेतून येऊन परत कुठं गेली तर?”

मी म्हटलं, “बरं, मग?” आणि मग चमकले. जपानी गाण्यात न्हावरं कुठून आलं?

साळव्यांचे कान लाल झाले होते. ऊन केव्हाच उतरलं होतं.

पुलावरून दोन बैलगाड्या गेल्या. त्या पार पलीकडे जाईपर्यंत मी त्यांच्या चाकांकडेच बघत होते. माझ्यापुरता लग्नाचा विषय मी केव्हाच मिटवून टाकला होता, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, की तो माझ्या इच्छेनं मिटला आहे.

“किती कडवी आहेत एकूण?” मी विचारलं.

“तुम्ही ऐकाल तेवढी, दबोरा.”

बाई नाही म्हणाले. नुसतं दबोरा.

मी म्हटलं, “मग आप्पांना सांगायला या. आत्ताच. आणि भाषांतर न करता सांगायचं.”

घरी आलो तर आप्पांनी तीन ताटं वाढून ठेवली होती. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं, की हे जेवायला येणार?

“दर शुक्करवारी भाता फुटल्याला ऐकतोय. म्हातारा झालोय मी,” आप्पा साळव्यांना पाट सरकवत म्हणाले, “बहिरा न्हाई.”